नाल्यातला गाळ
पऱ्हाटीवर फवारणी झाली की पंप नाल्यात धुवायचा, ही जुनी सवय. पाणी वाहून गेलं म्हणजे औषधही गेलं, असं आम्हीही समजायचो. पण सायपरमेथ्रिनसारखं औषध पाण्यात फारसं विरघळत नाही. ते मातीला चिकटतं आणि तळाच्या गाळात बसतं. तिथं ऊन नाही, हवा कमी. म्हणून ते लवकर संपत नाही. गाळातले किडे मरतात, त्यांवर जगणारे मासे घटतात. एंडोसल्फान २०११मध्ये न्यायालयाने थांबवलं, तेही असंच चिकट. पुरात हा गाळ कन्हानमधून वैनगंगेत जातो. म्हणून आमच्या गटानं ठरवलं: पंप नाल्या-विहिरीपासून दूर, शेतातच धुवायचा, धुवण पिकावरच फवारायचं, धुऱ्यावरचं गवत राखायचं, ते माती अडवतं. तुमच्या गटातही बोला.