चार बांध आणि एक कर्ण

तापीच्या उत्तरेस, सातपुड्याच्या पायथ्याकडील मुलखांत वसलेलें फैजपूर १९३६ सालच्या डिसेंबरांत साऱ्या देशास परिचित झालें. खेड्यांत भरलेलें काँग्रेसचें तें पहिलें अधिवेशन. खंड व शेतसारा कमी व्हावा, अशी मागणी करणारा शेतकी कार्यक्रम तेथें संमत झाला. सारा म्हटला कीं आकार आला, आणि आकार म्हटला कीं जमिनीचें क्षेत्र आलें. तें काढावयाचें कसें, हा प्रश्न शाळेच्या पाटीवर पोरखेळाचा वाटतो; फैजपूरच्या काळ्या जमिनींत केळी लावणाऱ्यास तो पोटाचा आहे.

शेत काटकोनी असेल तर लांबीस रुंदीनें गुणलें कीं काम झालें. परंतु नाले, वाटा आणि भाऊबंदांच्या वाटण्या यांनीं कापलेलें शेत काटकोनी क्वचितच राहतें. मग समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून त्या दोन सरासरींचा गुणाकार करण्याचा मोह होतो. ब्रह्मगुप्तानें इसवी सन ६२८ मध्यें ही रीत सांगितली, पण ती स्थूल म्हणून. तिची चूक नेहमीं एकाच बाजूस पडते. काटकोनी शेत वगळल्यास ती क्षेत्र वाढवूनच दाखविते, आणि त्यांत घेणारा बुडतो.

ब्रह्मगुप्तानें सूक्ष्म रीतही दिली आहे. चार बाजूंच्या बेरजेच्या निम्म्यांतून एकेक बाजू वजा करावी आणि येणाऱ्या चार बाक्यांच्या गुणाकाराचें वर्गमूळ घ्यावें. मात्र चारही कोपरे एकाच वर्तुळावर येत असतील तरच ही रीत खरी ठरते. एरवीं तिचेंही उत्तर अधिकच येतें.

हें मर्म भास्कराचार्यांनीं ११५० च्या ‘लीलावती’ ग्रंथांत उघड केलें. त्यांचें नांव खानदेशास परकें नाहीं. चाळीसगांवजवळील पाटणें येथील शिलालेखांत, त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं नातू चांगदेव यानें स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. केवळ चार बाजू सांगून निश्चित क्षेत्र विचारणाऱ्यास आचार्य पिशाच म्हणतात, आणि उत्तर देणाऱ्यास त्याहूनही मोठा! कारण चार बाजूंनीं आकृति स्थिर होत नाहीं. चार काड्या टोकांस सैल बांधून दाबल्या कीं हें घरच्या घरीं दिसतें.

त्यांच्याच उदाहरणांतील आंकडे फैजपूरच्या शिवारांत आणून पाहावे. प्रत्येक बांध २५ साखळ्यांचा. साखळी ३३ फुटांची, म्हणजे एका चौरस साखळीचा एक गुंठा आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेत चौरस असेल तर ६२५ गुंठे, म्हणजे १५ एकर २५ गुंठे. कर्ण ३० व ४० असतील तर ६०० गुंठे. कर्ण १४ व ४८ असतील तर अवघे ३३६ गुंठे, म्हणजे ८ एकर १६ गुंठे. बांध तेच, पण जमीन सव्वासात एकरांनीं कमी! पांच-पांच फुटांवर केळी लावणाऱ्यानें पहिल्या हिशेबावर कंद आणले, तर साडेबारा हजार कंद बांधावर पडून राहतील.

उपाय सोपा आहे. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांमध्यें साखळी धरून कर्ण मोजावा. उरलेल्या दोन कोपऱ्यांपासून त्या कर्णावर काटकोनांत लंब मोजावे. दोन लंबांच्या बेरजेस कर्णानें गुणून निम्में करावें. कर्ण २० साखळ्या, लंब ७ व ९ असले, तर २० गुणिले १६ म्हणजे ३२०. त्याचें निम्में १६० गुंठे, म्हणजे बरोबर चार एकर. एखादा कोपरा आंत शिरलेला असेल तर त्या कोपऱ्यांतून जाणारा, शेताच्या आंतूनच राहणारा कर्ण धरावा, एवढेंच पथ्य.

आज सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले, उपग्रहांच्या आधारें कोपरे टिपणारीं यंत्रेंही बांधावर आलीं. तरी भूमितीचा हा नियम बदललेला नाहीं. साटेखताच्या कागदावर चारच बाजू लिहिलेल्या दिसल्या, तर सही करण्यापूर्वीं पांचवें माप मागावें: कर्ण किती?