रुजू होणं आणि रुजणं

(सावित्रीबाई फुले जयंतीच्या निमित्तानं अहिल्यानगरमध्ये डी.एल.एड., बी.एड. करणाऱ्या आणि नव्यानं शिक्षक झालेल्या तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी शिक्षक नाही. पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. तरी संयोजकांनी मला बोलावलं, कारण माझी धाकटी बहीण २०२४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून लागली. ती शाळा अकोले तालुक्याच्या पश्चिम टोकाला, एका वाडीवर आहे. गावाचं नाव सांगत नाही, तिला ते आवडणार नाही. पण गेल्या दोन वर्षांत तिच्याकडून जे ऐकलं आणि तिथे जाऊन जे पाहिलं, ते तुमच्या उपयोगाचं आहे.

या सभागृहात बसलेल्या कितीतरी मुलींच्या घरी एकच वाक्य बोललं गेलं असेल: "तिथे आपलं कोणी नाही, पोरीला एकटीला कसं पाठवायचं?" आमच्याही घरी अम्मी हेच म्हणाली. अब्बा काही बोलले नाहीत, पण दोन दिवस जेवले नाहीत नीट. तेव्हा आज मी या एका वाक्यावरच बोलणार आहे.

आधी ही नोकरी कशी मिळते ते पाहू. टेट नावाची अभियोग्यता परीक्षा, मग पवित्र पोर्टल. जिल्हा परिषदेच्या जागांसाठी मुलाखत नाही. गुण, आरक्षण, विषय आणि तुम्ही दिलेले प्राधान्यक्रम यांवर यादी लागते. ओळख लागत नाही, कोणाला भेटावं लागत नाही. मोहल्ल्यातल्या रिक्षावाल्याची मुलगी स्वतःच्या गुणांवर सरकारी शिक्षिका होते, ही साधी गोष्ट नाही. पुढे तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढायची. प्राथमिकला ते महिना ६,००० रुपये होतं, २०२३ पासून १६,००० झालं. तीन वर्षांनी नियमित वेतन.

आता आपल्यापुरती एक बाब. उर्दू माध्यमातून शिकलेले शिक्षक उर्दू शाळांमध्ये जातात आणि उर्दू शाळा बहुतेक आपल्याच वस्तीच्या आसपास असतात. मराठी माध्यमातून शिकलेल्यांना मात्र अख्खा जिल्हा मोकळा असतो. आपला जिल्हा क्षेत्रफळानं राज्यातला सर्वांत मोठा, चौदा तालुक्यांचा. एका बाजूला पाथर्डी, जामखेडचा दुष्काळ आणि दुसऱ्या बाजूला घाटघर, ज्याला लोक नगरचं चेरापुंजी म्हणतात. पोर्टलला तुमचे गुण कळतात. वाडीपर्यंत एसटी जाते की नाही, हे त्याला कळत नाही.

नगरहून संगमनेर, मग अकोले, मग राजूर, आणि तिथून मिळेल त्या जीपनं वर. दिवस जातो. वस्ती महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. मुसलमानाचं घर एकही नाही. शाळा पहिली ते चौथी, दोन शिक्षक, दोन खोल्या. म्हणजे एका वेळी दोन-दोन वर्ग सांभाळायचे.

पहिला प्रश्न राहण्याचा. रोज राजूरहून ये-जा करणारे शिक्षक आहेत, पण पावसाळ्यात ओढे भरले की ते जमत नाही. बहिणीनं वाडीतच राहायचं ठरवलं. भाड्याच्या खोल्या असं तिथे काही नसतं. घरातलाच एक भाग कोणी देईल तर. ती चार घरी गेली. प्रत्येक ठिकाणी विचारलं, "बाई, आडनाव काय तुमचं?" तिनं सांगितलं, "शेख." एका घरी जागा नाही म्हणाले. दुसऱ्या घरी म्हातारीनं थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "म्हणजे मटण खाता ना?" ही म्हणाली, "खाते." म्हातारी म्हणाली, "आम्ही पण खातो. बामणाच्या बाई आल्या होत्या मागं, त्यांचं लई अवघड झालं होतं."

खोली शेवटी अंगणवाडीच्या सेविकेनं दिली. हिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की तुमच्या घरचं मटण मी खाणार नाही, आमच्यात कापण्याची रीत वेगळी असते. नाचणीची भाकरी आणि भाजी आनंदानं खाईन. त्यांनी ऐकून घेतलं. विषय संपला. आपण उगाच घाबरतो की सांगितलं तर काय म्हणतील. न सांगता टाळत राहिलं की समोरच्याला वाटतं, ही आम्हाला हलकं समजते. तिथल्या लोकांनी तसं वागणारे पुष्कळ नोकरदार पाहिलेले आहेत.

रमजानचंही तसंच. शाळेत पोषण आहार शिजतो. मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची आणि नोंदवहीत लिहायचं, असा नियम आहे. गेल्या वर्षी रमजान मार्चमध्ये आला. हिनं आठवडाभर आधी मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला सांगितलं की या महिन्यात माझा रोजा असतो, चव सर घेतील किंवा पालकांपैकी कोणी घ्यावी. समितीत पंचाहत्तर टक्के पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या बाया. दोन आयांनी वार वाटून घेतले. त्या निमित्तानं त्या रोज शाळेत येऊ लागल्या आणि खिचडीत डाळ किती पडते हेही बघू लागल्या. हा फायदा कोणाच्या डोक्यातही नव्हता.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. कार्यक्रमात नारळ फोडायचा, सरस्वतीपूजन करायचं, अशा वेळी सगळ्यांच्या नजरा बाईंकडे जातात. ती आदरानं उभी राहते, पूजा करत नाही. सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालते. संविधानाचं २८ वं कलम पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्याला मनाई करतं. त्या कलमावर भांडण करता येईल, पण तिनं ते केलेलं नाही. परिपाठात उद्देशिका वाचली जाते, त्यातला एकेक शब्द ती चौथीच्या मुलांना समजावून सांगते. मोबाइलवर बाहेरून काहीबाही येतं, एखादा तरुण खोचक विचारतो. ते होतं, आणि दुखतंही. रात्री मला फोन करून ती रडली आहे, हेही खरं.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते हाच मुख्य. भाषा. पहिलीतली मुलं महिनाभर तिच्याशी बोललीच नाहीत. पुस्तकातली मराठी वेगळी, त्यांच्या घरातली बोली वेगळी. मूल तोंड उघडतं, वर्गातलं कोणीतरी हसतं, मूल गप्प बसतं. मग शिक्षक लिहितो: "प्रगती नाही."

मित्रांनो, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज आहे का? आपण घरी दखनी बोलतो. मेरेकू, तेरेकू, नक्को. उर्दूवाले म्हणतात ही उर्दू नाही, मराठीवाले म्हणतात तुमची मराठी कशी हो इतकी चांगली? जणू आपण कालच आलो! याच जिल्ह्यात श्रीगोंद्याला शेख महंमदांची समाधी आहे. 'योगसंग्राम' त्यांनी सतराव्या शतकात मराठीत लिहिला. मराठी आपली आहेच. पण घरची बोली आणि शाळेची बोली यांच्यामध्ये उभं राहिल्यावर मुलाला काय वाटतं, हे आपल्याला आतून माहीत आहे. वाडीवरच्या शाळेत जाताना मराठी मुसलमान शिक्षक सोबत काय नेतो, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगेन.

बहिणीनं मुलांकडूनच शब्द गोळा केले. भाताच्या कामाचे, पाखरांचे, रानभाज्यांचे, भांड्यांचे. पुठ्ठ्यावर एकेक शब्द लिहिला, खाली मुलांनी चित्र काढलं. पहिलीच्या मुलांनी पहिल्यांदा वाचले ते त्यांच्या घरातले शब्द. पुस्तकातले शब्द नंतर त्यांच्या शेजारी येऊन बसले. मी तिला विचारलं होतं, टॅब पाठवू का दोन-चार? ती म्हणाली, "भाई, वीज दिवसदिवस नसते. फळ्याचा काळा रंग आण आणि पुठ्ठे आण." मी आणले.

तिसरी गोष्ट हजेरीची. जुलैत आवणी सुरू झाली की मोठी मुलं शेतावर, किंवा धाकट्यांना सांभाळायला घरी. दिवाळीनंतर काही कुटुंबं मजुरीला नारायणगावकडे उतरतात, मुलं सोबत जातात. कागदावर हा "अनियमितपणा" दिसतो. ती पहिल्या पावसाळ्यात एका रविवारी बांधावर गेली, चिखलात उतरून तिनं रोपं लावली. वाकडीतिकडी लावली, बाया हसल्या. पण कोणतं घर कधी कुठे जातं, हे तिला तिथे कळलं. त्यानंतर मजुरीला जाणाऱ्या मुलांना ती महिन्याचा अभ्यास वहीत लिहून देते आणि आल्यावर तपासते. सगळी मुलं तो करत नाहीत. काही करतात.

आता नगर शहराबद्दल दोन शब्द, कारण आपण इथे बसलो आहोत. सिंथिया फॅरार नावाच्या अमेरिकन बाई १८२७ साली मुंबईत आल्या आणि १८३९ पासून नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवू लागल्या. एकट्या, परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या. १८६२ मध्ये त्या इथेच वारल्या. जोतिरावांनी मुलींची शाळा काढण्याआधी नगरच्या या शाळा पाहिल्या होत्या. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण फॅरारबाईंकडे घेतलं, असं त्यांच्या चरित्रांत नोंदवलेलं आहे. फॅरारबाई मिशनच्या कामासाठी आल्या होत्या. आपले शिक्षक कोणाचा धर्म बदलायला जात नाहीत, संविधानानं दिलेलं काम करायला जातात. घेण्यासारखं आहे ते त्यांचं टिकून राहणं. आणि १८५६ च्या ऑक्टोबरात आजारी सावित्रीबाई माहेरी नायगावहून जोतिरावांना पत्र लिहितात, त्यात फातिमाची आठवण काढतात. तिच्यावर कामाचा भार पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं. फातिमाबींबद्दल आपण पोस्टर पुष्कळ छापतो. मला त्या पत्रातली फातिमा जास्त जवळची वाटते. जोडीदारीण आजारी आहे आणि ही शाळा चालवते आहे.

म्हणून मला शेवटचं बोलायचं आहे ते घरच्यांशी आणि आपल्या चळवळीशी.

२०१७ च्या बदली धोरणापासून शाळांचे अवघड क्षेत्र आणि सर्वसाधारण क्षेत्र असे भाग पाडले आहेत. अवघड क्षेत्रात सलग तीन वर्षं काढली की बदली मागण्याचा अधिकार मिळतो. तो मागणं गैर नाही. पण आपल्याकडे मुलगी रुजू झाल्याच्या दिवसापासून घरचे विचारतात, "बदली कधी?" बहिणीला गेल्या दिवाळीत पुण्याचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा शिकलेला, माणसं बरी. अट एकच, बदली करून घ्या, नाहीतर नोकरी सोडा. अम्मी अजूनही म्हणते, हो म्हण. बहीण म्हणते, आत्ता तिसरीत असलेली मुलं चौथी पास होऊ देत, मग बघू. ते स्थळ थांबलं नाही. घरात यावर एकमत नाही, आणि मी इथे उभं राहून ते झालंय असं सांगणार नाही. माझं मत एवढंच आहे की हा निर्णय तिचा आहे. बायको डोंगरात नोकरी करते म्हणून कमीपणा वाटू न देणारे मुलगे आपल्या समाजात हवे आहेत. या सभागृहातही थोडे असावेत अशी आशा आहे.

चळवळीला एक सूचना. आमच्या क्षेत्रात नवीन माणूस आला की त्याच्यासोबत एक जुना माणूस नेमून देतात. कुठे काय मिळतं, कोणाला विचारायचं, हे तो सांगतो. नव्या शिक्षणसेवकाला हातात नेमणुकीचा आदेश मिळतो आणि गावाचं नाव. आपल्या चौदा तालुक्यांत निवृत्त आणि ज्येष्ठ शिक्षक आहेत, मुस्लिमही आणि इतरही. प्रत्येकानं एका नव्या शिक्षकाचा फोन नंबर घ्यावा. पहिल्या महिन्यात एकदा त्याच्या गावी जावं. खोली शोधताना, अडल्या वेळी दवाखाना शोधताना, अधिकाऱ्याशी बोलताना कोणीतरी आहे, एवढं त्याला कळलं तरी तो टिकेल. याला निधी लागत नाही. यादी करायचं काम मी आज संध्याकाळीच सुरू करतो, जाताना नाव देऊन जा.

'रुजू' हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. हजेरी, दाखला, रजा, बदली, तालुका, जिल्हा, हेही तसेच आले आणि मराठीत असे मिसळले की कोणी त्यांना आडनाव विचारत नाही. रुजू एका दिवसात होता येतं, सही केली की झालं. रुजायला दोन-तीन पावसाळे लागतात. तेवढे पावसाळे आपल्या मुलींना आणि मुलांना तिथे काढू द्या.