यादीबाहेरचा उपाय

एखादा उपाय फारसा कोणाला ठाऊक नाही, एवढ्यावरून तो निकृष्ट असला पाहिजे, असा निष्कर्ष आपण नकळत काढीत असतो. जे खपते ते चांगले आणि जे मागच्या फळीवर धूळ खात पडते ते टाकाऊ, हा न्याय साबणाच्या वडीला लावला तर फारसे बिघडत नाही. तोच न्याय रोग्याच्या देहाला लावला, तर त्याचे परिणाम मात्र त्याला जन्मभर भोगावे लागतात. वजन घटविण्यासाठी आज ज्या शस्त्रक्रिया केल्या जातात, त्यांच्यापुरता हा प्रश्न तपासून पाहावा, असा माझा विचार आहे. यांपैकी दोन-तीन शस्त्रक्रियांची नावे सर्वतोमुखी झाली आहेत. इतर काही मात्र, परिणामाच्या दृष्टीने कमी नसूनही, रोग्याच्या कानावर क्वचितच पडतात. असे का व्हावे?

स्थूल मनुष्याला हसण्याचा अधिकार प्रत्येकाला जन्मतःच मिळाला आहे, अशी आपली समजूत दिसते. वस्तुतः हा हसण्याचा विषय राहिलेला नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा २४ व पुरुषांपैकी जवळजवळ २३ जणांचे वजन प्रमाणापेक्षा अधिक आढळले. यांतील बहुतेकांना शस्त्रक्रियेची काहीच गरज नाही; आहार, व्यायाम आणि औषधे यांनीच त्यांचे काम भागावे. तथापि ज्यांची स्थूलता या सर्वांना दाद देत नाही, असाही एक वर्ग आहे. वजनाच्या किलोग्रॅमना उंचीच्या मीटरच्या वर्गाने भागले म्हणजे जो अंक येतो, त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ म्हणतात. हा अंक २५ च्या आत असावा. १ मीटर ६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याचे वजन १२८ किलो झाले, की तो ५० वर पोहोचतो. अशा मनुष्याचे गुडघे झिजतात, रक्तातील साखर आटोक्यात राहत नाही, झोपेत श्वास अडतो. त्याला ‘जरा कमी खा’ एवढाच उपदेश करणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक देण्यासारखे आहे.

अशांसाठी ज्या शस्त्रक्रिया आहेत, त्यांतील सर्वांत रूढ म्हणजे ‘स्लीव्ह’. हिच्यात जठराचा मोठा भाग काढून टाकून उरलेल्या भागाला सदऱ्याच्या बाहीसारखा अरुंद आकार देतात. आतड्याला हात लावीत नाहीत. दुसरी ‘गॅस्ट्रिक बायपास’. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली ती प्रथम केली. हिच्यात जठराची लहानशी पिशवी ठेवून अन्नाला आतड्याची आडवाट दाखविली जाते. तिसरीचे नाव ‘ड्युओडिनल स्विच’, आणि आजच्या विवेचनाची नायिका हीच. हिच्यात जठर बाहीसारखे करतात. शिवाय जठराच्या दाराच्या किंचित पुढे आतडे तोडून अन्नासाठी एक वाट आणि पित्त व स्वादुपिंडाचा रस यांसाठी दुसरी वाट करतात. सुमारे सहा मीटर लांबीच्या लहान आतड्यात या दोन वाटा अगदी शेवटी, जेमतेम एक मीटर उरले असता एकत्र येतात. परिणामी खाल्लेल्या अन्नातील स्निग्धांश पुष्कळसा न शोषताच निघून जातो.

या शस्त्रक्रियेची कुळकथा मोठी उद्बोधक आहे. इटलीतील जिनोआ येथे निकोला स्कोपिनारो यांनी १९७६ साली पित्तरसाची वाट वेगळी करण्याची शस्त्रक्रिया प्रथम केली. अमेरिकेतील ओहायो राज्यात डग्लस हेस यांनी १९८८ साली तिला आजचे रूप दिले. कॅनडातील क्वेबेक येथे पिकार मार्सो यांनी तिचा पुरस्कार केला. पुढे १९९९ साली न्यूयॉर्क येथे मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न फाडता, ती करून दाखविली. अतिशय स्थूल रोग्यांना एवढी लांबलचक शस्त्रक्रिया एका दमात झेपत नसे. म्हणून तिचे दोन भाग करण्यात आले : आधी जठर अरुंद करावयाचे आणि काही महिन्यांनी आतड्याचे काम करावयाचे. पहिल्याच भागानंतर कित्येकांचे वजन पुष्कळ उतरले व दुसऱ्याची निकड वाटेनाशी झाली. हा पहिला भाग म्हणजेच आजची लोकप्रिय ‘स्लीव्ह’. म्हणजे मुलगी जगभर नावारूपाला आली आणि आई मात्र घरातच राहिली.

आईच्या अंगी गुण नव्हते म्हणावे, तर तसेही नाही. नॉर्वे व स्वीडन येथे ५० ते ६० निर्देशांकाच्या ६० रोग्यांवर चिठ्ठ्या टाकून एक तुलना करण्यात आली. काहींवर बायपास झाली, काहींवर स्विच. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन वर्षांत बायपास झालेल्यांचा निर्देशांक सरासरीने १७ अंशांनी, तर स्विच झालेल्यांचा सुमारे २५ अंशांनी उतरला. मघाच्या उंचीच्या मनुष्याच्या बाबतीत हा फरक १९ किलोंच्या घरात जातो. मधुमेहावर या घराण्याचा परिणाम याहून लक्षणीय आहे. रोममधील एका प्रयोगात दहा वर्षांनंतर, २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्तानुसार, स्कोपिनारोंच्या पद्धतीची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांपैकी निम्मे मधुमेहमुक्त राहिले होते. बायपास झालेल्यांपैकी चौथा हिस्सा. असे असूनही अमेरिकेत २०१८ साली झालेल्या अशा शस्त्रक्रियांत ‘स्लीव्ह’चा वाटा शेकडा ६१ होता आणि स्विचचा शेकडा एकाच्याही आत.

या उपेक्षेची कारणे एकेरी नाहीत. पहिले कारण पूर्वजांच्या अपकीर्तीचे. १९५४ साली अमेरिकेतील मिनेसोटा येथील शल्यविशारदांनी आतड्याचा बहुतेक भाग वगळण्याची एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली होती. पुढील दोन दशकांत ती पुष्कळांवर झाली आणि पुष्कळांना भोवली. कोणाचे यकृत निकामी झाले, कोणाला मूतखडे झाले. ती सोडून द्यावी लागली, आणि आतड्याची वाट फार तोकडी करणारी कोणतीही शस्त्रक्रिया तेव्हापासून संशयित ठरली. स्विचमध्ये पित्तरस आतड्याच्या वगळलेल्या भागातून वाहत राहतो, त्यामुळे ती पूर्वीच्या शस्त्रक्रियेहून मूलतः भिन्न आहे. पण एकदा घराण्याला बट्टा लागला, की नातवंडांनाही स्थळे मिळणे कठीण जाते.

दुसरे कारण कौशल्याचे. जठराच्या दाराजवळचा आतड्याचा भाग स्वादुपिंडाला व मोठ्या रक्तवाहिन्यांना खेटून असतो. तेथे कापणे व सांधणे हे सरावाचे काम आहे, आणि ज्या गुरूने ते केले नाही तो शिष्याला काय शिकविणार? न शिकविल्यामुळे ती केली जात नाही, आणि न केल्यामुळे शिकविली जात नाही. २००७ साली माद्रिद येथील शल्यविशारदांनी दोन सांध्यांऐवजी एकच सांधा ठेवणारी तिची सोपी आवृत्ती प्रथम केली. तीमुळे हे चक्र काही अंशी सैल होऊ लागले आहे.

तिसरे कारण पैशाचे व कागदाचे आहे, आणि त्याविषयी मी थोड्या अधिकाराने बोलू शकतो. कारण माझी वीसेक वर्षे कचेरीत गेली आहेत. जे दरपत्रकात नाही ते जगात नाही, असा कचेरीचा एक अलिखित नियम असतो. रुग्णालयाचा कारकून, विमा कंपनीचा अधिकारी आणि रोग्याचा नातलग हे तिघेही छापील यादी समोर घेऊन बसतात. आपल्या विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली स्थूलतेवरील शस्त्रक्रियेच्या खर्चासाठी निकष ठरवून दिले : निर्देशांक ४०, किंवा गंभीर आनुषंगिक विकार असल्यास ३५. पात्रता कोणाची, एवढे त्याने ठरले. कोणत्या रोग्याला कोणती शस्त्रक्रिया, हे त्याने ठरत नाही. तथापि सारा दोष कागदावर ढकलणेही न्यायाचे होणार नाही. अमेरिकेच्या वृद्धांसाठी असलेल्या सरकारी विमा योजनेने २००६ सालीच स्विचला मान्यता दिली होती, आणि ‘स्लीव्ह’चा मार्ग तिने २०१२ पर्यंत मोकळा केला नव्हता. तरीही शर्यत जिंकली ती ‘स्लीव्ह’नेच. जठराला बांधावयाचा ‘बॅण्ड’ ही तर विकावयाची वस्तू होती. तिला कारखाना होता, विक्रेते होते, जाहिराती होत्या. २०११ साली अमेरिकेतील अशा शस्त्रक्रियांत तिचा वाटा शेकडा ३५ होता. २०१८ साली तो शेकडा एकावर आला. गाजणे आणि टिकणे या दोन गोष्टी किती भिन्न आहेत, ते यावरून दिसते.

शिवाय प्रत्येक देशाची एक रूढी असते. एकाच सांध्याची, ‘मिनी बायपास’ म्हणून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया अमेरिकेतच १९९७ साली जन्माला आली. तिच्या जन्मभूमीत तिला दीर्घकाळ थारा मिळाला नाही. आपल्या देशात मात्र ती सर्रास केली जाते. रोग्याचे जठर सर्व देशांत सारखेच असता त्यावरील उपाय मात्र सीमा ओलांडताच बदलतो. याचा अर्थ निवड केवळ रोग पाहून होत नाही. ती सवय पाहूनही होते.

आता या उपेक्षेचे सर्वांत सबळ कारण सांगितले पाहिजे. स्विचनंतर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे, लोह, चुना व प्रथिने यांचे शोषण उणावते. गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात. रक्ताची तपासणी जन्मभर करावी लागते. हयगय झाली, तर हाडे ठिसूळ होतात, पंडुरोग जडतो, रातांधळेपणाही येऊ शकतो. नॉर्वे-स्वीडनच्या त्या तुलनेतही पोषणाच्या तक्रारी स्विच झालेल्यांतच अधिक निघाल्या. रोज ८० ते १०० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. आपल्याकडच्या शाकाहारी मनुष्याचा विचार करा. एका वाटी वरणात साधारणतः सहा-सात ग्रॅम प्रथिने असतात. आकुंचित जठरात अशा किती वाट्या मावणार? दूध, पनीर, सोयाबीन यांची जोड दिल्यावाचून त्याला गत्यंतर नाही. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, जिल्ह्याला येण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडविणाऱ्या रोग्याला ही शस्त्रक्रिया सुचविताना शल्यविशारदाचा हात आखडला, तर त्याला कोणी भेकड म्हणू नये. स्विच ही सर्वांत चांगली शस्त्रक्रिया आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की एखादी शस्त्रक्रिया न करणे आणि तिचे नावही न उच्चारणे यांत अंतर आहे. पहिल्यात वैद्याचा विवेक असतो. दुसऱ्यात रोग्याच्या वतीने परस्पर घेतलेला निर्णय असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिलेल्या एका निकालात संमतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. उपचाराचे स्वरूप व हेतू, त्याला असलेले पर्याय, त्यातील मोठे धोके आणि तो नाकारल्यास होणारे परिणाम हे रोग्याला कळले पाहिजेत. मगच त्याच्या होकाराला संमती म्हणावे. पर्याय हा शब्द त्या यादीत मुद्दाम घातलेला आहे. दोनच वाटा दाखवून ‘यांतील कोणती?’ असे विचारणे हे निवडीचे स्वातंत्र्य नव्हे, जर तिसरी वाट अस्तित्वात असेल.

स्थूल मनुष्य हे विचारीत नाही, यालाही कारण आहे. आयुष्यभर ‘हा तुझाच दोष’ असे ऐकत आलेला मनुष्य मिळेल ती मदत उपकार म्हणून स्वीकारतो. उपकारकर्त्याला उलट प्रश्न विचारणे त्याला उद्धटपणाचे वाटते. हा संकोच त्याने सोडला पाहिजे, आणि तो सोडता येईल असे वातावरण इतरांनी निर्माण केले पाहिजे. माझ्यासारख्या रोग्याला कोणकोणत्या शस्त्रक्रिया करता येतात? आपण स्वतः त्यांपैकी कोणत्या करता? जी आपण करीत नाही, ती मला अयोग्य आहे म्हणून, की येथे तिची सोय नाही म्हणून? आणि दहा वर्षांनंतर माझी तपासणी कोण करणार? हे चार प्रश्न नम्रपणे विचारता येण्यासारखे आहेत. जाणता वैद्य त्यांनी रागावणार नाही.

त्यांची उत्तरे ऐकल्यावर बहुतेक रोगी कदाचित नेहमीचीच शस्त्रक्रिया पसंत करतील, आणि त्यांत वावगे काही नाही. जी शस्त्रक्रिया आपल्याला नको ती कशासाठी नको, हे ठाऊक असलेला मनुष्य नंतरची पथ्ये आणि तपासण्या अधिक निष्ठेने पाळील, अशी आशा करावयास जागा आहे. मात्र जो थोडक्यांपैकी एक असेल, ज्याचा निर्देशांक पन्नाशी ओलांडून गेला असेल, ज्याचा मधुमेह कशालाच जुमानत नसेल, आणि जन्मभराचे बंधन पाळण्याची ज्याची तयारी व ऐपत असेल, त्याला केवळ ते नाव कोणी उच्चारले नाही म्हणून अर्ध्या वाटेवर थांबावे लागू नये.