लग्नचौकातून कागदावर
(वार्षिक मेळाव्यात वाचलेले भाषण)



आपल्या ज्ञातीतील लग्नपत्रिकांवर अलीकडे त्रिकोणी अंगाची, काडीसारख्या हातापायांची माणसे फेर धरून नाचताना दिसतात. ती शोभिवंत आहेत खरी. परंतु ती कोणाची, हे सहसा कोणी विचारीत नाही. आज त्याविषयीच चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

डहाणू-तलासरी भागातील वारली समाजात लग्न निघाले की सवासिणी घरातील भिंतीवर चौक लिहितात. गेरूने रंगविलेली भिंत, टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी आणि पाण्यात कालविलेले तांदळाचे पीठ, एवढेच साहित्य. मध्यभागी पालघट देवी. लिहिणारीचे नाव कोठेही नसते. चौक त्या घराचा, किंबहुना देवीचा.

या अनाम परंपरेतून स्वतःच्या नावाने पुढे आले ते जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ चा. १९७० नंतरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले आणि वारल्यांच्या हाती त्यांनी कागद व पांढरा रंग दिला. पुरुषाने काडी धरावी आणि लग्नकार्यावाचून रोज चित्र काढावे, ही त्या काळी नवलाचीच गोष्ट! म्हसे यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली आणि २०११ साली ‘पद्मश्री’ लाभली. २०१८ साली ते निवर्तले.

त्यांचे मासेमारीच्या जाळ्याचे चित्र अवश्य पाहावे. केसासारख्या रेघांनी विणलेले ते जाळे जवळजवळ सारा कागद व्यापते आणि त्यापुढे माणूस इवलासा उरतो. चौकाने असे काही मागितले नव्हते. भाषा आजीची, पण बोलणे स्वतःचे, असे आम्ही त्यास म्हणू. परंपरा म्हणजे जुन्याची नक्कल, असे मानणाऱ्यांनी त्या जाळ्यापुढे घटकाभर उभे राहावे.

मात्र एक गोष्ट मनास टोचते. कला सवासिणींची, आणि कागदावर आल्यावर कीर्ती प्रथम पुरुषांस मिळाली. पुढे छापखाने, कापडवाले, पिशव्यावाले आले. त्यांनी तर कोणाचेच नाव ठेवले नाही. २०१४ साली वारली चित्रकलेस भौगोलिक निर्देशनाची नोंद मिळाली, हे उत्तम झाले. पण नोंद दप्तरात राहते. मोबदला गिऱ्हाइकाच्या खिशातून यावा लागतो, आणि ते गिऱ्हाईक आपणच आहोत.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची एक सूचना आहे. पुढील स्मरणिकेचे मुखपृष्ठ एखाद्या वारली भगिनीकडून, तिने सांगितलेला मोबदला देऊन काढून घ्यावे आणि तिचे नाव व गाव पहिल्या पानावर छापावे. खर्चाचा प्रश्न निघेलच. तेव्हा आमच्या निवृत्तिवेतनातून पाच हजार रुपये आम्ही आजच खजिनदारांकडे देत आहोत.