पगारातील करकपात आणि पतिपत्नींचा हिशेब
(ज्युबिली समारंभातील भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी आम्ही कराचा विषय काढतो आहोत, याबद्दल क्षमा असावी. आपल्या ट्रस्टच्या मदतीने शिकलेली काही मुले आज अमेरिकेत नोकरीस आहेत. आमचा भाचा व सूनबाई त्यांपैकीच. २०२५ च्या मार्चमध्ये भाच्याचा फोन आला, “मामू, आमच्या दोघांच्याही पगारातून कर कापला जातो. तरी आणखी चार हजार डॉलर भरायचे निघाले!” तुझ्या नोकरीमुळे की माझ्या, यावरून दोघांत अबोलाही झाला होता. आम्ही गणिताचे मास्तर. कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आपल्याकडे पतीचे विवरणपत्र वेगळे, पत्नीचे वेगळे. अमेरिकेत पतिपत्नींना दोघांचे मिळून एकच विवरणपत्र भरता येते. पगारातून कर कापताना मात्र प्रत्येक कंपनीला आपल्याच नोकराचा पगार दिसतो. नोकराने डब्ल्यू-४ नावाच्या फॉर्मवर जे लिहून दिले, त्यावरून ती अंदाज बांधते. या दोघांनीही ‘विवाहित, संयुक्त विवरणपत्र’ एवढीच खूण केली होती.

प्रत्येकाचा पगार साठ हजार डॉलर. २०२४ साली संयुक्त विवरणपत्रास २९,२०० डॉलरांची वजावट होती. उरलेल्यापैकी पहिल्या २३,२०० वर दहा टक्के कर आणि त्यापुढे ९४,३०० पर्यंत बारा टक्के. ही सवलत कुटुंबास एकदाच. पण दोन्ही कंपन्यांनी ती पुरी पुरी दिली आणि प्रत्येकी ३,२३२ म्हणजे एकूण ६,४६४ डॉलर कापले. एक लाख वीस हजारांवर खरा कर झाला १०,४३२. तूट ३,९६८ डॉलर! एकाच रेशनकार्डावर दोन दुकानांतून साखर उचलावी, तसा हा प्रकार. कोणीच फसवले नव्हते. दोन कागद एकमेकांशी बोलले नव्हते, इतकेच.

उपाय त्याच फॉर्मवर आहे. दुसऱ्या पायरीत, पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असल्यास खूण करण्याची चौकट आहे. दोघांनीही आपापल्या फॉर्मवर ती खूण केली, की सवलत निम्मी निम्मी वाटली जाते. मग प्रत्येकी ५,२१६ कापले गेले असते आणि बेरीज बरोबर १०,४३२ आली असती. पगारांत मोठे अंतर असेल तर या खुणेने कपात जास्त होते. तेव्हा तेथील करखात्याच्या संकेतस्थळावर हिशेब करून जादा रक्कम चौथ्या पायरीत लिहावी.

आणखी दोन गोष्टी. फॉर्मवरील खूण कायमची नव्हे; लग्न झाले, नोकरी लागली वा सुटली, की नवा फॉर्म द्यावा. आणि विवाहित की अविवाहित, हे वर्षाअखेर ३१ डिसेंबरच्या स्थितीवरून ठरते. एक हजार डॉलर वा त्याहून अधिक तूट राहिली, तर काही अपवाद सोडून दंडही लागू शकतो. संयुक्त विवरणपत्रावर दोघांची सही असते, म्हणून त्या कराची जबाबदारीही दोघांचीच. सही करण्यापूर्वी सुनेनेही कागद वाचलाच पाहिजे.

परदेशी असलेल्या मुलांना आपण पत्रातून, फोनवरून जेवलास का, थंडी किती, हे विचारतो. आता एवढेही विचारा: दोघे मिळून हिशेबाला बसलात का? आमच्या भाच्याने व सूनबाईंनी त्या रात्री दोन्ही फॉर्म एका टेबलावर मांडले. अबोला तिथेच संपला.