मनातला ‘च’

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे केलेले भाषण)



आज मी एका अक्षराविषयी बोलणार आहे. ते अक्षर म्हणजे ‘च’.

काही वर्षांपूर्वी दहावीच्या पूर्वपरीक्षेत एका मुलीला गणिताच्या पेपरात चाळीसपैकी चार गुण मिळाले. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत येईना. मी घरी गेलो. अब्बा राईस मिलमध्ये हमाली करणारे. ते म्हणाले, “सर, पोरगी नापास होणारच. मग शिकवून काय फायदा?” मुलगी दाराआडून म्हणाली, “मी ढच आहे, सर. नापास झाले तर सगळं संपलंच.” आणि मला आठवले, आठच दिवसांपूर्वी वर्गात रागाच्या भरात मीही तिला म्हणालो होतो, “तुला हे जमणारच नाही!” तीन माणसे आणि तिघांच्या तोंडी तोच ‘च’. त्यातला एक शिक्षकाचा होता, याची मला आजही लाज वाटते.

या ‘च’वर एका माणसाने अख्खे शास्त्र उभे केले. त्यांचे नाव अल्बर्ट एलिस. अमेरिकेतील या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला. पुढे डॉ. आरन बेक यांनी त्याच्या जवळून जाणारी वाट काढली. आज जगभर ‘कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी’ म्हणून चालणाऱ्या उपचाराचा पाया या दोघांनी घातला. आपल्या महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षे पत्रव्यवहार करून हा विचार आणला व रुजविला.

एलिस यांचे म्हणणे साधे आहे. आपणांस वाटते की घटनेमुळे दुःख होते. परंतु घटना आणि दुःख यांच्यामध्ये आपला एक समज बसलेला असतो. एकाच वर्गातील दोन मुले नापास होतात. एक म्हणतो, “वाईट झाले, पुन्हा बसेन.” दुसरा म्हणतो, “मी पास व्हायलाच हवे होते, आता मी कवडीमोल.” पहिल्याला वाईट वाटते आणि तो पुस्तक उघडतो. दुसरा खचतो आणि पुस्तक मिटतो. वाईट वाटू नये असे हे शास्त्र सांगत नाही. इच्छा जरूर असावी, पण इच्छेचा हट्ट झाला की माणूस मोडतो, एवढेच त्याचे सांगणे आहे.

हा विचार केवळ पाश्चात्त्यांचा आहे असे कोणी समजू नये. हजार वर्षांहून पूर्वी होऊन गेलेले अबू झैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीराच्या व मनाच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. माणूस अडीअडचणीसाठी घरात औषध ठेवतो, तद्वत मन शांत असताना चांगले विचार जमवून ठेवावेत व भीती, दुःख, राग आला की ते उपयोगात आणावेत, असा सल्ला त्यांनी दिला आहे. उंट आधी बांधावा, मग अल्लाहवर भरोसा ठेवावा, ही शिकवण आपण सर्वच जाणतो. मनाचा उंटही बांधावा लागतो!

तो बांधावा कसा? मनात ‘च’ आला की त्याला तीन प्रश्न विचारा. याला पुरावा काय? मला असे हवे आहे, म्हणून ते तसे झालेच पाहिजे असा नियम कोठे आहे? आणि असे मानून माझे भले होते की नुकसान?

त्या मुलीला मी प्रथम माफी मागितली. मग वहीत लिहावयास सांगितले, “मी ढच आहे याला पुरावा काय?” तिने लिहिले, “चार गुण.” मी विचारले, “याविरुद्ध?” बराच वेळ विचार करून तिने लिहिले, “घरचा किराण्याचा हिशेब मीच करते.” तेथे आम्ही दोघेही हसलो. पण नुसत्या विचाराने भागत नाही, कृती हवी. तिला फळ्याची भीती वाटे, म्हणून रोज एक गणित फळ्यावर सोडवावयाचे ठरले, चुकले तरी चालेल या अटीवर. एलिस यांनीही तरुणपणी सभेत बोलण्याची भीती मुद्दाम पुन्हा पुन्हा भाषणे करूनच घालविली होती.

मार्चमध्ये ती गणितात नापास झाली. होय, नापास झाली! परंतु सगळे संपले नाही. ती दोन दिवस रडली आणि तिसऱ्या दिवशी वही घेऊन आली. जुलैच्या पुरवणी परीक्षेत ती उत्तीर्ण झाली आणि अकरावीला बसली. अब्बा स्वतः प्रवेशाला आले होते.

एक सावधगिरीची सूचना. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर वहीवर विसंबू नका. डॉक्टरांकडे जा, किंवा शासनाच्या टेलि-मानस सेवेस १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तापाला औषध घेण्यात कमीपणा नाही, तसा यातही नाही.

पालकहो, गोंदियासारख्या आपल्या धानाच्या जिल्ह्यात एक पीक बुडाले म्हणून कोणी शेत सोडून देत नाही. मग एका निकालावर मुलीची शाळा का सोडवावी? आज घरी गेल्यावर आपल्या बोलण्यातला ‘च’ मोजा. आम्ही शिक्षकही मोजू. “तुला जमणारच नाही” यातला ‘च’ काढून “तुला अजून जमले नाही” एवढे म्हटले, तरी इन्शाअल्लाह पुष्कळ मुले शाळेत टिकतील.