न मिळालेल्या उत्तराची साक्ष



मिशन म्हटलं की तुम्हाला प्रवचन आठवेल. मी २०२४ मध्ये सिएरा लिओनला गेले ती कॉम्प्युटर सांभाळायला. मर्सी शिप्स या ख्रिस्ती संस्थेचं ‘ग्लोबल मर्सी’ हे रुग्णालय-जहाज तेव्हा फ्रीटाउन बंदरात होतं. मोतीबिंदू, फाटलेले ओठ, चेहऱ्यावरच्या गाठी, सगळ्या शस्त्रक्रिया मोफत. आम्ही स्वयंसेवक मात्र बिनपगारी काम करतो. (आमच्या मॅनेजरला हे अजून पटलेलं नाही!)

तपासणीत काहींना ‘नाही’ सांगावंच लागतं. एका मुस्लिम आईला तसं सांगितलं; मुलाची गाठ शस्त्रक्रियेपलीकडची होती. नर्सने समजूत घातली नाही, नुसती हात धरून बसली. थोड्या वेळाने त्या आईने दोन्ही हात पसरून दुवा मागितली. दुभाष्या म्हणाला, “तुम्हा सगळ्यांसाठी मागतेय.” माझ्या तोंडून ‘आमेन’ निघालं.

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेचं उत्तर मिळालं की साक्ष देतात. न मिळालेल्या उत्तराची साक्ष मी तिथे प्रथम ऐकली, आणि देव इतका जवळ मला कधीच वाटला नव्हता. परतल्यावर रविवारी मी तीच साक्ष दिली. काहींना ती आवडली नाही.